ओढ्यातला फेर

गाडीच्या फळ्यांमधून पाणी वर यायला लागलं आणि कलाकाकूची बोलती बंद झाली. कलाकाकू गप्प बसलेली मी त्या दिवसापर्यंत कधी पाहिली नव्हती. झोपेतसुद्धा ती कुणाला तरी रागवायची. आता ती गाडीच्या मागच्या दांडक्याला दोन्ही हातांनी धरून बसली होती, डोळे उघडे, तोंड मिटलेलं, आणि आम्ही नऊ पोरी तिच्या अंगावर चढून रडत होतो. गाडी ओढ्याच्या मधोमध होती. डावं चाक खड्ड्यात गेलेलं. गाडीवाला दाजीबा बैल सोडून त्यांच्यासोबत काठावर पोचला होता आणि तिथून ओरडत होता, "पोरींनो, भिऊ नका! पाणी वाढायलंय!" ही दोन वाक्यं त्यानं एका दमात का म्हटली हे मला अजून कळलेलं नाही.

दाजीबानं आधी बैल सोडले म्हणून लोक पुढं त्याला बरंच बोलले. मी त्याला दोष देत नाही. बैल त्याचे होते, पोरी लोकांच्या. शिवाय बैल जोडलेले राहिले असते तर त्यांनी बुजून गाडी उलटी केली असती, असं तो म्हणायचा आणि ते खरंही असेल. पण आम्ही त्या ओढ्यात कशाला गेलो होतो ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल की गावातल्या पोरी ठरवून बुडायला निघाल्या होत्या.

आमची वाडी गंगाखेडच्या बाजूला, माळाला टेकलेली. घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रे, पुढं मेंढरांचा वाडगा, म्हणजे काट्यांचं कुंपण घातलेली जागा. थोडी कोरडवाहू जमीन होती, तिच्यात ज्वारी आणि तूर व्हायची, बाकी सगळं मेंढरांवर. बा दिवसभर माळावर, माय दुसऱ्याच्या रानात खुरपायला, आणि शाळा सुटली की मी बाच्या मागं. पहाटे मायचं जातं, त्यावर तिची गुणगुण, कोकरांचा ओरडा, बाचा खोकला, पत्र्यावर नखं वाजवणारे कावळे, असा सगळा गलका असायचा. त्यात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जात नसे, म्हणून आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचे. मीठ मागायचं तरी ओरडून. बाहेरच्याला वाटायचं यांच्यात रोज भांडणं होतात. होतही असत, पण दर वेळी नाही.

माझा आवाज या घरात तयार झाला. माळाच्या या टोकावरून हाक घातली की त्या टोकाची मेंढी मान वर करायची. शाळेत घंटा नव्हती. गुरुजी मला ओट्यावर उभं करायचे आणि मी "शाळा भरलीऽऽ" म्हणून ओरडले की वाडीतली सगळी पोरं दप्तरं घेऊन पळत यायची. इतकं कामाचं पोर शाळेत दुसरं नव्हतं. पण प्रार्थना सुरू झाली की हेच गुरुजी मला घागर भरून आणायला पाठवायचे. चौथी झाली आणि माझी शाळा संपली. मी मुख्य काय शिकले म्हणाल तर लिहायला, वाचायला, आणि माझा आवाज बोलवायला चांगला आहे, गायला नाही, हे.

कलाकाकू आमच्या भावकीतली, नात्यानं आत्या, पण सगळी वाडी तिला काकूच म्हणायची. नवऱ्यानं दुसरी केली तेव्हा ती एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी आली आणि पुन्हा गेली नाही. भावांनी तिला कडेची खोली दिली. ती गोधड्या शिवायची, लोकांच्या लग्नात हळदीची गाणी म्हणायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाणउतारा करायची. बाया तिला वचकून असायच्या. पण आखाड सरता सरता याच बाया आपल्या पोरी तिच्याकडं पाठवायच्या, कारण पंचमीची गाणी तिच्यासारखी पंचक्रोशीत कुणाला येत नव्हती. पंचमी हा आमच्याकडं पोरींचा सण. वर्षभर "हळू बोल, हळू हस, पाय आपटू नको" म्हणणारे लोक त्या पंधरा-वीस दिवसांत ओट्यावर बसून आमचा दंगा ऐकायचे, वर म्हणायचे, काल आवाज बारीक होता. सण सरला की पुन्हा हळू बोल.

दिवस कलला की मारुतीच्या पारापुढं आम्ही जमायचो. फेर धरायचा म्हणजे गोल उभं राहायचं, शेजारणीचं मनगट धरायचं, उजवीकडं एक पाऊल टाकायचं, दुसरं जवळ ओढून ठोकायचं, आणि असं फिरत राहायचं. एक जण पुढं म्हणणार, बाकीच्यांनी मागं म्हणायचं. पुढचीला आम्ही पुढचीच म्हणायचो, बाकीच्या मागच्या. कलाकाकू गोलाच्या मधे पोत्यावर बसायची आणि तिची कडक ताकीद असायची की पाय चुकला तरी चालेल, गाणं संपेपर्यंत मनगट सोडायचं नाही. बोटं धरलेली तिला चालायची नाहीत. "बोटं काय धरायलीस, जत्रेला जायलीस का?" असं म्हणून फटका द्यायची. मनगटाला मनगट.

तिची आणखी एक खोड होती. दुसऱ्या गावांत चांगल्या गळ्याची पोर कायम पुढची असायची. आमच्याकडं चांगला गळा शेवंताचा. गोरी, नाकेली, आवाज साखरेच्या पाकासारखा, आणि तिला ते माहीतही होतं. पण कलाकाकू प्रत्येकीला आळीपाळीनं पुढं करायची. तोंडातून शब्द फुटो न फुटो. आणि पुढचीनं शिकवलेल्या ओळी झाल्या की एक तरी ओळ स्वतःची घालायची. तिला ती घरची ओळ म्हणायची. "शिकिवलेलं पोपट बी म्हणतो," ती म्हणायची, "तुझ्या घरचं काय हाय ते आण." एक गाणं तिनं त्याच्यासाठीच ठेवलं होतं. पुढचीनं विचारायचं, "वाटंवरल्या बाभळीला कुणी बांधला झोका गं?" मागच्यांनी सांगायचं, "आमी बांधला झोका गं, आमी बांधला झोका!" झोक्यावरल्या पोरीला कुणी दिला धक्का? आमी दिला धक्का. पुढची विचारील ते मागच्यांनी केलंच म्हणून सांगायचं, मग ते काहीही असो.

यमी आमच्यात सगळ्यात लहान. बारा वर्षांची, पण अंगानं आठ-नऊची दिसायची. ती बोलायचीच नाही. तिची सावत्र आई सांगायची, पोरीला बुद्धी कमी आहे. काकूनं तिला पुढं केलं तेव्हा यमी दोन दिवस नुसती उभी राहिली. आम्ही गोल फिरतोय, कुणी काही विचारत नाही, मागच्यांना सांगायला काही नाही. शेवंता वैतागून म्हणाली, "काकू, आमी काय घाण्याचे बैल हाव का?" काकू म्हणाली, "फिर गपचिप. तुझ्या बापाचं काय जायलंय?" तिसऱ्या दिवशी यमीनं जमिनीकडं बघत अगदी बारीक आवाजात विचारलं, "आमच्या दारच्या कुत्र्याचं कुणी खाल्लं हाड गं?" आता फेर चालू होता, मनगटं धरलेली होती, पळता येईना. सगळ्यांना ठसक्यात म्हणावं लागलं, "आमी खाल्लं हाड गं, आमी खाल्लं हाड!" पारावरचे म्हातारे हसून हसून बेजार झाले. त्या दिवसापासून यमीला थांबवणं मुश्कील झालं. रोज नवी ओळ आणायची आणि आमच्या तोंडून काय काय कबूल करून घ्यायची. कुणाच्या रानातली काकडी, कुणाच्या कोंबडीचं अंडं. तिच्या बुद्धीबद्दल सावत्र आई पुढं काही बोलल्याचं मला आठवत नाही.

आता मी पाथरीला लेकाकडं असते. शाळेतल्या एक मॅडम शनिवारी आठवी-नववीच्या पोरी माझ्या अंगणात घेऊन येतात. मॅडम म्हणतात, गाण्यानं मुलींमध्ये आत्मविश्वास येतो, आयुष्याला दिशा मिळते. येत असेल, मिळत असेल. आमच्या वेळी हे शब्द नव्हते, आम्ही पोरगी धीट झाली म्हणायचो. या पोरी पहिल्यांदा आल्या तेव्हा मोबाइलमध्ये बघून गात होत्या आणि गाताना तोंडापुढं हात धरत होत्या. मी म्हटलं, मोबाइल तिकडं ठेवा आणि घरची ओळ आणा. महिनाभर नुसती फिदीफिदी. मग देवगाव फाट्याकडून आलेल्या एका पोरीनं घातली, "एसटीवाल्या मामाला कुणी केला हात गं?" आणि बाकीच्या लगेच, "आमी केला हात गं, गाडी गेली निघून!" हे मी शिकवलं नव्हतं. उत्तर बदलायचं त्यांचं त्यांनीच ठरवलं. मला आवडलं, पण मी तोंडावर सांगितलं नाही. तोंडावर सांगितलं की पोरी तिथंच थांबतात.

माझं म्हणाल तर माझी पाळी आली की वाडीतले लोक सरसावून बसायचे, कारण मी सूर फार वर धरायची. मागच्यांचा आवाज तिथं पोचायचाच नाही. "सरे, गायलीस का कुणाला हाका मारायलीस?" काकू विचारायची. मी म्हणायची, "दोनी." वाडीत ते खपून जायचं. सगळ्यांना माझा आवाज ठाऊक होता, त्यावर त्यांची पोरं शाळेत गेली होती.

त्या वर्षीची पंचमी नेहमीसारखीच झाली. त्या दिवशी आमच्याकडं काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा चुलीवर ठेवायचा नाही. मायनं पुरणाचे दिंड उकडले, त्यावर तुपाची धार, सोबत ज्वारीच्या लाह्या. तूप मेंढीच्या दुधाचं, त्याला वास येतो म्हणून शेवंता आमच्याकडं खायची नाही. मला त्या वासाशिवाय तूप तूप वाटत नाही. आदल्या दिवशी मेंदी लावलेली, हातात नव्या हिरव्या बांगड्या. मायनं बांगड्या भरताना कासाराला तीनदा सांगितलं होतं, घट्ट भर, ही पोर आदळआपट करते.

दुसऱ्या दिवशी आम्ही राणीसावरगावला निघालो. काकूची बहीण तिथं दिली होती. तिनं निरोप धाडला होता की आमच्या पोरी तुमच्या पोरींशी गाणी लढवणार, हिंमत असंल तर घेऊन ये. हिंमत असेल तर म्हटल्यावर काकू थांबते होय. दाजीबाची गाडी सांगितली. दाजीबा म्हातारा, एका डोळ्यानं कमी दिसायचं, पण बैल देखणे आणि तो त्यांना आमच्यापेक्षा गोड बोलायचा. सकाळी ओढा ओलांडला तेव्हा पाणी घोट्याइतकं होतं. आम्ही गाडीतून उतरून चालत गेलो, चपला कुणालाच नव्हत्या.

तिथं देवळापुढं दोन फेर शेजारी शेजारी लागले. एकीनं विचारायचं, दुसरीनं उत्तर द्यायचं, ज्यांचा फेर तुटेल त्या हरल्या. आमची शेवंता पुढं होती आणि तिनं त्यांना चांगलं खेळवलं. पण काकूच्या बहिणीनं दिलेलं ताक ती हावरटासारखं दोन तांबे प्यायली होती. दुपारनंतर तिचा घसा बसला. काकूनं इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "सरे, हो पुढं." मी झाले. बाभळीच्या झोक्याचं गाणं धरलं, माझ्या नेहमीच्या सुरात. समोरच्या फेरातली एक जाडजूड पोर कपाळाला हात लावून ओरडली, "अगं माय! हिची मेंढरं हारपली काय गं?" सगळं देऊळ हसलं. ते हसले त्याचं काही नाही, पण आमच्याही पोरी हसल्या. शेवंता तर बसलेल्या घशातून हसली. माझी ओळ अर्ध्यावर राहिली. पुढची थांबली की मागच्यांना काय करावं कळत नाही. कुणी थांबलं, कुणी फिरत राहिलं, मनगटं सुटली, फेर तुटला. नारळ आणि खण त्या जाडीच्या गावानं घेतला.

परत येताना गाडीत माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मी मागच्या बाजूला तोंड करून बसले होते. बऱ्याच वेळानं काकू म्हणाली, "ती हसली तर हसली. तुला कुणी थांब म्हणलं व्हतं का?"

मी आणखीच पाठ फिरवली.

"इचारायलेय मी. थांब म्हणलं व्हतं का कुणी?"

"न्हाई."

"मग? हसणारीचं थोबाड दुखंल. तू कशाला मिटलंस?" एवढंच म्हणाली आणि दाजीबाकडं वळून, बैल मेलेत का जित्ते हायेत, असं विचारायला लागली. हे भाषण म्हणायचं तर भाषण. तिनं मला दिलेलं तेवढंच.

ओढ्याशी आलो तेव्हा आमच्या डोक्यावर ऊन होतं. डोंगराकडं मात्र आभाळ काळं झालं होतं, पण तिकडं बघायचं कुणाला सुचलं नाही. पाणी सकाळपेक्षा जरा गढूळ होतं आणि त्यात पालापाचोळा वाहत होता. आम्ही उतरायला लागलो तर दाजीबा म्हणाला, "बसा गं, काय बी न्हाई, पोटरीएवढं हाय." पालापाचोळा वाहायला लागला की मागून पाणी येतं, हे त्या भागातल्या शेळीलासुद्धा कळतं. दाजीबालाही कळत होतं, पण दिवसभर बैल दुसऱ्याच्या दारी बांधलेले, त्याला घराची घाई. मधोमध गेलो आणि डावं चाक खड्ड्यात बसलं. त्यानं आधी बैलांची मनधरणी केली, मग शिव्या दिल्या, मग खांदा लावला. तेवढ्यात वरून आवाज आला. गाडीभर गोटे ओतल्यासारखा. पाणी बघता बघता तांबडं झालं आणि फळ्यांशी आलं. दाजीबानं जू सोडलं, एका बैलाचं शेपूट धरलं आणि बैलांनी त्याला काठावर नेऊन घातलं.

तिथून पुढचं तुम्हाला माहीत आहे. काकूला पाण्याची इतकी भीती होती हे मात्र आम्हाला माहीत नव्हतं. विहिरीवर ती कधी वाकून बघायची नाही, एवढंच. लहानपणी काही झालं असेल. तिनं कधी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

लोक विचारतात, तुला गाणं सुचलं कसं? मला काही सुचलं नव्हतं. मी आधी नुसतीच ओरडले. "उतरा! हात धरा!" दोनदा, तीनदा ओरडले, माझ्या त्या आवाजात. कुणी ऐकलं नाही. एक मायला हाका मारत होती, एक देवाला, दोघी बहिणी एकमेकींना मिठी मारून बसल्या होत्या आणि शेवंता नुसतीच किंचाळत होती, बसलेला घसा तिचा कसा उघडला कोण जाणे. काठ फार लांब नव्हता. पाणी माझ्या मांडीला लागेल असं मला वाटत होतं, पण थोड्या वेळानं कमरेला लागलं असतं, आणि कमरेच्या पाण्यात कुणी उभं राहत नाही. एकटी उतरले असते तर मी गेले असते काठाला, बहुतेक. ते माझ्या मनात आलं नाही असं नाही. पण मग घरी काय सांगायचं? मी गाडीतून खाली पाय टाकला, चाकाला धरून उभी राहिले, आणि धरला तो सूर. तोच, वरचा. "गाडीमधल्या पोरींचा कुणी धरला हात गं?"

पहिल्यांदा कुणी मागं म्हटलं नाही. मला देवळापुढचं हसणं आठवलं. मी तीच ओळ पुन्हा म्हटली. तेव्हा यमी, रडता रडताच, सवयीनं म्हणाली, "आमी धरला हात गं." आणि म्हटल्यावर तिनं खरंच माझं मनगट धरलं. फेरात तसंच असतं. पुढचीनं विचारलं की तोंड आपोआप उघडतं, विचार नंतर येतो. यमीनं म्हटलं म्हणून तिच्या शेजारच्या काशीनं म्हटलं, काशीनं म्हटलं म्हणून दोघी बहिणींनी. मी दुसरी ओळ घातली, "पाण्यामंदी सरूसंगं कुणी टाकला पाय गं?" आमी टाकला पाय गं. एकेक करून उतरल्या. काकूला उठवायला मात्र गाणं पुरलं नाही. शेवंतानं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की ती सरळ उभी राहिली. तिला मधे घेतलं. शेवंता सगळ्यात शेवटी राहिली, कारण मी तिला सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं माझं ऐकलं.

आम्ही तोंडं वरच्या अंगाला केली, येणाऱ्या पाण्याकडं, आणि फेरासारखं कडेकडेनं एक पाऊल टाकायचं, दुसरं ओढून ठोकायचं. खाली दगड आहे की चिखल, ते ठोकल्यावर कळायचं. दगड लागला तर पुढची ओळ, नाही लागला तर तीच ओळ पुन्हा. पोरींना वाटत होतं मी गाणं म्हणतेय. मी पाय चाचपत होते. मधे एक वेळ आली की यमीचे पाय तळ सोडून वर आले. ती पाण्यावर आडवी झाली, एक मनगट माझ्या हातात, दुसरं काशीच्या. माझ्या हातातल्या तिच्या बांगड्या पिचल्या, माझ्याही पिचल्या, काचा माझ्या तळहातात गेल्या आणि तिच्या मनगटात. तिचं तोंड पाण्यात जात-येत होतं. बाकीच्या गायच्या थांबल्या. पुढची थांबली तर काय होतं ते मी दुपारीच देवळापुढं पाहिलं होतं. पण मला ओळ सुचेना. बाभळ संपली, झोका संपला. समोर काठावर दाजीबा बैलाला कवटाळून उभा दिसला, आणि मी जोरात विचारलं, "दाजीबाच्या बैलाचं कुणी धरलं शेपूट गं?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्या एकदम, काकूसुद्धा, "दाजीबानं धरलं गं, दाजीबानं धरलं!" यमी हसली आणि नाकातोंडात पाणी जाऊन खोकायला लागली. काशीनं आणि मी तिला ओढून उभी केली. पाऊल टाका, ठोका. दाजीबाला ते ऐकू गेलं असणार, कारण त्यानं बैल सोडला, कासरा कमरेला बांधला, दुसरं टोक बाभळीला बांधलं आणि कमरेएवढ्या पाण्यात आला. माझा हात त्याच्या हातात लागला तेव्हा तो पुटपुटत होता, "गा, गा, भवाने, नावं घे माझी." मग एकेकीला त्यानं वर ओढलं. शेवंता वर आली आणि मागं गाडीनं कूस बदलली, आडवी झाली आणि खालच्या अंगाला निघून गेली.

काठावर बसून आम्ही बराच वेळ रडलो. आधी रडलो होतो ते वेगळं. काकू उठून उभी राहिली, लुगडं पिळलं, आणि पहिलं वाक्य बोलली ते मला, "सूर लय वर धरला व्हतास." मी म्हटलं, "खालचा पाण्यात ऐकू आला नसता." ती म्हणाली, "व्हय, ते बी हाय." घरी गेल्यावर मायनं आधी माझा तळहात बघितला, मग मनगट. "नव्या बांगड्या! कालच भरल्या ना गं सटवे!" म्हणून पाठीत एक धपाटा घातला. मग चुलीपुढं बसवून गरम येसराची आमटी आणि भाकरी कुस्करून दिली, आणि मी खाऊन होईपर्यंत समोरून उठली नाही. बा वाडग्यात जाऊन बसला होता. मेंढरं मोजायची म्हणाला. ती त्यानं आधीच मोजली होती.

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर काकू पारापुढं पोतं घेऊन आली. सण सरला होता. लोक म्हणाले, आता कशाला? पोरींना आता घरी बसू दे, झालं तेवढं लय झालं. काकूनं त्यांना काय उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आम्ही सगळ्या गेलो. माझ्या हाताला फडकं बांधलं होतं म्हणून यमीनं माझं कोपर धरलं. त्या वर्षी आमचा फेर दिवाळीपर्यंत चालला, पुढच्या वर्षी बारा महिने. लग्न होऊन एकेक जण जाईपर्यंत आम्ही गायलो, आणि त्यानंतर नव्या पोरी आल्या. माझा सूर खाली आला नाही. काकूनंही पुन्हा तो विषय काढला नाही. तिनं मला पुढची केलं आणि लहान पोरींना घरची ओळ कशी आणायची ते शिकवायला लावलं. चौदाव्या वर्षी मला हे काम मिळालं. दुसरं चांगलं काम मला पुढं कुणी दिलं नाही, म्हणून मी अजून तेच करते.

परवा मॅडमनी विचारलं, आजी, हे खरं आहे का? शनिवारच्या पोरी पण विचारतात, त्यांना वाटतं मी वाढवून सांगते. म्हणून नावंच लिहून ठेवते. त्या ओढ्यातून जिवंत बाहेर आलो त्या अशा: यमी, काशी, मथुरा आणि गोदा या दोघी बहिणी, सुताराची रुक्मिण, पारू, जनी, शेवंता, कलाकाकू आणि मी. दाजीबा आणि त्याचे बैल आधीच बाहेर होते, ते यात धरलेले नाहीत.